वानम रेनबोच्या नावाखाली 55,250 रुपये

माशाच्या बारा पिल्लांचे 38,400 रुपये. पॅकिंग आणि ट्रॅव्हल्सच्या पार्सलचे 1,850. वर 'जर्मनीहून येणाऱ्या' माद्यांसाठी आगाऊ 15,000. बेरीज 55,250. आकडा मुद्दाम आधीच लिहितोय. 'एवढे पैसे माशांवर?' म्हणून ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. घरी हसून झालंय.

मासा म्हणजे वानम रेनबो, टाकीत पाळायच्या शोभेच्या रेनबो माशांतली एक जात. शास्त्रीय नाव ग्लॉसोलेपिस वानामेन्सिस. पापुआ न्यू गिनीत लाए शहराजवळ वानम नावाचं छोटं सरोवर आहे, हा तिथला. 1979 साली अ‍ॅलन आणि कैलोला यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे त्या सरोवरात तिलापियासारखे बाहेरचे मासे शिरले आणि याची पार वाताहत झाली. आता ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी टाक्यांत जपलेल्या वंशालाच खरी किंमत. वयात आलेला नर झळझळीत हिरवा दिसतो, परांची टोकं लांब लोंबतात. आपल्याकडे तो कुणाकडे असल्याचं नुसतं ऐकू येतं, टाकी कुणी दाखवत नाही.

मी नवखा नाही, हे आधी सांगतो. बोसमनी आणि प्रीकॉक्स या रेनबोच्याच दोन जातींची पिल्लं माझ्याकडे अंड्यातून वाढलीत. लोकरीच्या मॉपवर (अंडी घालायला टाकीत सोडलेल्या लोकरीच्या झुबक्यावर) धाग्याने चिकटलेली अंडी, आठवडाभराने फुटणारी ती डोळे आणि शेपटीएवढीच पिल्लं, त्यांच्या इवल्या तोंडाला पुरणारे इन्फुसोरिया हे पाण्यातले सूक्ष्म जीव, नंतर आर्टेमियाची बारीक कोळंबी, हे सगळं हातांना पाठ आहे. त्यामुळे 'बघून घ्यायचं ना' असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की रेनबोची दीड इंची पिल्लं सगळी सारखीच रुपेरी असतात. रंग भरायला महिनोन् महिने जातात. ती बघून जात कोण ओळखणार? या धंद्यात फसवणाऱ्याचं सगळं फावतं ते इथेच. तुम्हाला कळेपर्यंत त्याचा नंबर बदललेला असतो.

विकणारा दक्षिणेतल्या एका शहरातला. आयात परवान्याची आणि क्वारंटाइनच्या कागदांची फोटोप्रत त्याने न मागता पाठवली. (न मागता कागद पाठवणाऱ्यापासून चार हात लांब राहा. त्या कागदावर माशाची जात लिहिली आहे का, तारीख कुठली, हे वाचा. माझ्या प्रतीवर नेमका तोच भाग अंगठ्याखाली होता.)

आता तो व्हिडिओ कॉल. आई-बाप दाखवा म्हटलं, तर त्याने लगेच टाकीसमोर फोन धरला. दोन हिरवे नर, अस्सल, पर फुलवून एकमेकांभोवती फिरत होते. मी बघतच राहिलो. तेवढ्यात मागून एक विटकरी लाल नर स्पंज फिल्टरच्या डाव्या बाजूने आला, फिल्टरच्या मागे गेला आणि उजवीकडून बाहेर पडला. मी विचारलं, "तो लाल कोण?" तो शांतपणे म्हणाला, "भाईसाब, बाजूवाल्या टाकीचं रिफ्लेक्शन आहे."

प्रतिबिंब काचेवर पडतं. ते फिल्टरच्या मागे जात नाही! रोज संध्याकाळी टाकीपुढे बसणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावं लागतं का? आणि दोन जातींचे रेनबो एका टाकीत असले की ते बिनदिक्कत संकर करतात, माद्या तर एकमेकींसारख्याच दिसतात, हेही मला माहीत होतं. तरी मी "अच्छा अच्छा" म्हणालो. कारण हिरवा नर पुन्हा समोर आला होता, आणि "दोन पार्ट्या बुकिंग करून बसल्यात" हे वाक्य त्याने त्याच क्षणी टाकलं. आजही रात्री तो लाल मासा त्या फिल्टरमागून जाताना दिसतो आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

20,000 आधी, 20,250 माल निघताना. बाराच्या बारा मासे जिवंत आले, पिशवीत ऑक्सिजन भरपूर, एकाचाही पर फाटलेला नाही. जिवंत, तगडा माल पाठवणारा चोर असेल असं कुणाला वाटेल? म्हणूनच महिनाभराने "एकाच जोडीची पिल्लं आहेत, रक्त बदलायला जर्मनीहून तीन माद्या येतायत" म्हटल्यावर मी 15,000 पाठवले. त्या माद्या अजून जर्मनीहून निघतायत.

आमच्या बोअरचं जड पाणी रेनबोंना मानवतं. मासे वाढले, रंग पुरता भरण्याआधीच मॉपवर अंडी दिसली. त्या भरात सांगलीच्या दोघा मित्रांना 'वानम' असं लिहून अंडी दिली, 2,400 रुपयेही घेतले. आणि मग नरांच्या खवल्यांवर लाली चढू लागली. पाठ उंच होत गेली. ठाण्याच्या एका जुन्या जाणकारांना फोटो पाठवले, त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "यात सेंतानी आहे." म्हणजे लाल रेनबो, ग्लॉसोलेपिस इन्सिसस, त्याच न्यू गिनी बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागातल्या सेंतानी सरोवरातला. 1907 पासून शास्त्राला माहीत असलेला, बाजारात दीडशे-दोनशेला मिळणारा. माझे ना धड हिरवे, ना धड लाल. नग 3,200 रुपये.

विचारल्यावर तो आधी म्हणाला पाण्यामुळे रंग बदलतो. मग म्हणाला खाण्यात लाल रंग जास्त असेल. मग ब्लॉक.

पोलीस ठाण्यातला संवाद ऐका. "मासे मिळाले का?" मिळाले. "जिवंत?" जिवंत. "मग फसवणूक कसली?" मी म्हटलं साहेब, जात वेगळी आहे. ते म्हणाले, "खायचे आहेत का?" शेजारचे दोघे हवालदार हसले. 15,000 चं काय विचारलं, तर "तो राहतो तिथे जाऊन तक्रार द्या." भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यावी लागते, हे मी छापून नेलं होतं. तो कागद त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवला. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. मासे ज्यांच्या खात्यात येतात त्या सरकारी कार्यालयात गेलो, तर शोभेच्या माशांचं काम बघणारे रजेवर. ते परत आल्यावर मला तलावाच्या ठेक्याचा अर्ज दिला! प्रत्येक टेबलावर मीच आरोपी असल्यासारखा उभा, आणि प्रत्येक जण शेवटी हेच विचारतो, एवढे पैसे दिलेच कशाला?

पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी महिन्यांनी जागा झालो, तोवर काय उरणार. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. माझी तिथे दाखल आहे. पण पक्कं बिल नाही, त्यामुळे चॅट आणि यूपीआयच्या नोंदींवरच सगळी मदार. बिल मागा, त्यावर शास्त्रीय नाव लिहून घ्या. नाही म्हणाला तर फोन ठेवा. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करा, आणि त्या खोलीतल्या सगळ्या टाक्या फिरवून दाखवायला लावा. पिल्लं नकोत, रंग भरलेले मासे घ्या, दोन कमी आले तरी चालतील.

सांगलीच्या दोघांचे 2,400 परत केले. त्यांनी ती पिल्लं पुढे दिली नव्हती, म्हणून वाचलो. ज्यांच्याकडे असा संकर आहे त्यांनी तो पाळावा, पण नाव लावून विकू नये, आणि नदी-तलावात तर मुळीच सोडू नये. एकदा ही अंडी 'वानम' म्हणून चार घरी गेली की खरा वंश कुठला हे पुन्हा कुणाला शोधता येणार नाही, आणि ते नुकसान माझ्या 55,250 पेक्षा मोठं आहे.

तो माणूस आता नव्या नावाने 'कुरुमोई रेनबो' ही रेनबोची दुसरी जात 4,500 ला देतोय, तोच आवाज, तेच "भाईसाब". त्याला कुणी पैसे दिले असतील तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि आपापल्या जिल्ह्यात तक्रार टाका. माझ्या एकट्याच्या कागदावर चहाचा डाग पडलाय, दहा जणांचे आले तर निदान वाचावे तरी लागतील.