लोअरिंग स्प्रिंगच्या नावाखाली माझ्याच स्प्रिंगा मला विकल्या

आधीच सांगतो, गाडी खाली घ्यावी, म्हणजे आखूड स्प्रिंगा टाकून जमिनीजवळ आणावी, की नाही यावर मला वाद घालायचा नाही, तो घरी बाबांबरोबर पोटभर घालून झालाय. माझी २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट, जीए ०५ म्हणजे फोंड्याची. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, १७० एमएम. चाक आणि मडगार्डच्या मधे जी चार बोटं जागा दिसते ना ती मला गाडी घेतल्यापासून खुपायची, अलॉय टाकले तर आणखीनच दिसायला लागली.

म्हापशाच्या बाजूला एक दुकान आहे, प्रकरण मिटलेलं नाही म्हणून नाव घेत नाही. त्यांच्या रील्स बघून बघून मीच एका रविवारी तिथं पोचलो, कुणी ओढून नेलं नव्हतं. माणूस गोड बोलणारा, दुसऱ्या वाक्यालाच पात्रांव, म्हणजे आपल्याकडचं शेठ. काउंटरवर खोका उघडून चार लालभडक स्प्रिंगा दाखवल्या, खोक्यावर बाहेरच्या कंपनीचं नाव, स्प्रिंगवर छापलेला नंबर, हातात घेतली तर चांगली जड. म्हणाला इम्पोर्टेड आहेत, प्रोग्रेसिव्ह आहेत म्हणजे जितक्या दबतील तितक्या कडक होतात, ३५ एमएम खाली बसेल आणि राइडसुद्धा कम्फर्ट राहील. सेटचे साडेसोळा हजार, फिटिंगचे दोन वेगळे. पैसे यूपीआयनं घेतले ते दुकानाच्या नावावर नाही, कुठल्यातरी बाईच्या पर्सनल खात्यावर. बिल? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणाला. अजून पाठवतोच आहे.

मग म्हणाला, "पात्रांव, जेवून येयात, दोन तास लागतील. आत कस्टमरला सोडत नाही, कुणाच्या अंगावर काही पडलं तर आम्हाला भारी पडतं." मला ते पटलं पण. गेलो, मस्त सुंगटाची हुमण-शीत थाळी जेवलो, आलो तर गाडी खाली बसलेली, चाकाआडून लाल स्प्रिंग चमकतेय, आणि मी खूश. जुन्या स्प्रिंगा विचारल्या तर म्हणाला त्या भंगारात टाकल्या, घरी नेऊन काय करणार, आणि मी म्हटलं हो तेही खरंच. इथं मी गाढव ठरलो.

पहिला आठवडा नुसता फोटो काढण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात चोडण बेटावर मावशीकडे जायचं म्हणून रायबंदरला फेरीबोटीत गाडी घातली, ओहोटी होती, रॅम्प उताराला लागलेला, आणि पुढचं बंपर खर्रर्र करत घासलं. तो दोष माझाच, खाली घेतलेल्या गाडीनं ओहोटीला फेरी घ्यायची म्हणजे तेवढं होणारच. पण आवाज सुरू झाला तो वेगळा. स्पीडब्रेकर ओलांडून मागचं चाक खाली उतरलं की टक्, लोखंडावर लोखंड बसल्यासारखं. खड्ड्यात गेलं की धाडकन, पाठीच्या मणक्यापर्यंत, कारण स्प्रिंग दबायच्या आधीच गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीवर, आपटत होती. फोन केला तर म्हणे नवीन स्प्रिंग सेट व्हायला हजार किलोमीटर लागतात. यात अर्धं खरं असतं म्हणून तर माणूस फसतो, नवीन स्प्रिंग थोडी बसते, पण टकटक वाजत नाही. अलाइनमेंटचं विचारलं तर म्हणे गरज नाही. आता गाडी खाली घेतली की टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकांचे कोन, दोन्ही बदलतात हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. दोन महिन्यांत पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूनं गुळगुळीत, बाहेरून बघितलं तर नवे.

त्यातच एका बाजूला गाडी कललेली वाटायला लागली. टेप घेऊन चाकाच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं तर पुढची डावी बाजू उजवीपेक्षा एक सेंटीमीटर खाली. तेव्हा लाज सोडली आणि आमच्या नेहमीच्या मामाकडे नेली. मामा म्हणजे नात्यातला नव्हे, फोंड्यातला मेकॅनिक, बाबांच्या स्कूटरपासूनचा. तो आधी पाच मिनिटं काहीच बोलला नाही, मग "कुणी केलं रे हे?" एवढंच.

त्यानं मागून जॅक लावला, चाक लटकलं, आणि स्प्रिंगला हात घालून ती गोल फिरवली. बांगडीसारखी फिरली. म्हणाला, ही बघ, चांगली लोअरिंग स्प्रिंग आखूड असली तरी चाक पूर्ण लटकल्यावरही बैठकीत दाबून बसायला हवी, ही सुटी पडतेय, म्हणजे तुझा टक् हाच. मग खोलून दाखवली. एका टोकाला कंपनीचा वळवून बसवलेला शेवट, दुसऱ्या टोकाला सरळ कापलेलं, आणि कापलेल्या जागी निळसर काळा डाग, म्हणजे ग्राइंडरनं नाही, गॅसनं कापलेली. स्प्रिंगच्या लोखंडाला कारखान्यात जे पाणी दिलेलं असतं ते असं तापवलं की जातं, म्हणून डावी बाजू बसत चालली होती. कापल्यावर वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते हे खरं, पण किती कडक, आणि तुझ्या शॉकअपला ती झेपते का, याचा हिशोब गॅस कटरवाला करत नाही. हे मामाचे शब्द.

पण खरी गंमत पुढे आहे. मागच्या उजव्या स्प्रिंगवरचा लाल स्प्रे खाली ग्रीस असल्यानं पोपडे धरून निघत होता, मामानं नखानं ओढला तर खाली कंपनीचा काळा रंग आणि त्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका. मामा बघतच राहिला. दीड वर्षापूर्वी मागच्या स्प्रिंगांचे रबर बदलताना डावी-उजवी मिसळू नये म्हणून त्यानं स्वतः लावलेला ठिपका! म्हणजे काउंटरवरचा तो नंबरवाला सेट नुसता दाखवायचा, माझ्याच चार स्प्रिंगा काढल्या, कापल्या, लाल मारल्या आणि साडेसोळा हजाराला मलाच विकल्या. भंगारात वगैरे काही गेलं नव्हतं.

दुकानात गेलो तर गोडवा संपलेला. म्हणाला, "कुठं जायचं तिथं जा. आरटीओत गेलास तर आधी तुझीच गाडी अडकेल." आणि इथं माझी खरी अडचण होती. गाडीतल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाही असं सांगितलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला एकेका बदलामागे ५,००० दंड होऊ शकतो, सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. म्हणजे अस्सल स्प्रिंग बसवली असती तरी मी फार ताठ मानेनं उभा नसतो. या लोकांचा धंदा चालतो तो याच भीतीवर, फसलेला माणूस गप्प बसतो. मीही तीन आठवडे गप्प बसलो, बाबांना तर टायर पंक्चर आहे म्हणून सांगितलं.

शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. यूपीआयचा स्क्रीनशॉट, चॅट, कापलेल्या टोकांचे फोटो, टेप लावलेले फोटो, सगळं जोडलं. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, हे मला आधी माहीत असतं तर त्या तीन आठवड्यांची झोप वाचली असती. गाडीला मामानं कंपनीच्याच स्प्रिंगा बसवल्या, अलाइनमेंट, दोन टायर, सगळं धरून आणखी वीस हजारांच्या वर गेले.

ज्यांना तरीही करायचंच आहे त्यांनी निदान जुन्या स्प्रिंगांना घरीच कुठंतरी दिसणार नाही अशी खूण करून जा, आणि त्या हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. फिटिंगला समोर उभं राहू देत नसतील तर जेवायला जाऊ नका, गाडी घेऊन घरी या.

तक्रार टाकल्यावर आठ दिवसांनी त्याचा फोन आला, परत पात्रांव. पाच हजार देतो, तक्रार मागे घ्या. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "फक्त त्या लाल स्प्रिंगा तेवढ्या परत आणून द्या हां." मी म्हटलं त्या कशाला हव्यात तुला, भंगारच ना? फोन कट. चारही स्प्रिंगा आमच्या जिन्याखाली गोणीत बांधून ठेवल्यात.