पोळ्याच्या दिवशी झालेली टेस्ट

वाळूज एमआयडीसीत माझं छोटं प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवायचा कारखाना, आहे. पाच पॉवर प्रेस, एक कॉम्प्रेसर, २२ माणसं. २०२२ साली मी ४२ हजारांना फसलो. दोष निम्मा माझाही आहे, म्हणून सगळं सांगतो.

'सेफ्टी कन्सल्टंट' म्हणून एक जण आला. गळ्यात ओळखपत्र, हातात जाड फाइल. "मालक, फॅक्टरी इन्स्पेक्शनच्या यादीत तुमचं नाव आहे. फाइल मी तयार करतो, तुम्ही फक्त सह्या करा." यादी दाखव म्हणालो तर हसला. तिथंच त्याला गेट दाखवायला हवं होतं. पण दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर होत्या, आणि कागदांचं झेंगट दुसरा कुणी उचलतोय याचंच बरं वाटलं. पैसे मागितले ते त्याच्या वैयक्तिक खात्यावर, बिलावर जीएसटी नंबर नाही. तेही खपवून घेतलं.

आठ दिवसांत फाइल आली. एअर रिसिव्हरचं म्हणजे कॉम्प्रेसरच्या टाकीचं सर्टिफिकेट, वजन उचलायच्या चेन ब्लॉकचं सर्टिफिकेट, फायर सिलिंडरवर 'रिफिल'ची नवी स्टिकरं. आमचा फोरमन तेव्हाच म्हणाला होता, "मालक, ह्यानं टाकीला हात बी लावला नाही. फोटो काढला अन् गेला." मी त्यालाच गप्प केलं.

पुढं इन्स्पेक्टर खरोखरच आले. फाइल चाळता चाळता टाकीच्या सर्टिफिकेटवर थांबले. "ही हायड्रॉलिक टेस्ट तुमच्यासमोर झाली?" मी हो म्हणणार, तेवढ्यात तारीख दिसली. त्या दिवशी पोळा होता. निम्मी माणसं गावाकडं बैल सजवायला गेलेली, शटरला कुलूप. शिवाय ही टेस्ट करायची तर टाकी रिकामी करून पाण्यानं भरावी लागते, पंपानं दाब द्यावा लागतो. आमच्या टाकीत एक बादली पाणी कुणी ओतलं नव्हतं.

तेव्हाच्या फॅक्टरी कायद्यात अशी तपासणी कुणीही करून चालत नव्हतं. त्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता असलेला 'कॉम्पिटंट पर्सन' लागायचा, आणि ती मान्यताही ठरावीक कामापुरती आणि मुदतीपुरती असायची. सर्टिफिकेटवर ज्यांचा शिक्का होता त्या गृहस्थांना मी फोन लावला. ते म्हणाले, "सही माझी नाही. वाळूजला मी कधी आलोच नाही." कन्सल्टंटचा फोन तोवर बंद.

फायर सिलिंडरचं तर हसावं की रडावं. फोरमननं नखानं नवं स्टिकर खरवडलं, खाली जुनं, तीन वर्षांपूर्वीचं. गेजचा काटा लाल पट्ट्यात. मी रोज त्याच सिलिंडरशेजारून चहाला जात होतो.

नोटीस माझ्याच नावानं निघाली. कायद्याला भोगवटादार, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात तो, ओळखू येतो, एजंट नाही. पोलिसांत अर्ज दिलाय, पैसे काही परत आले नाहीत.

आता सर्टिफिकेट हातात घेण्याआधी मी मान्यतेच्या पत्राची प्रत मागतो, त्यातलं काम आणि मुदत वाचतो आणि त्या माणसाला स्वतः फोन करतो. टाकीवर कोरलेला नंबर कागदावरच्या नंबराशी ताडतो. तपासणीच्या वेळी फोरमनला शेजारी उभा करतो. आणि "इन्स्पेक्शनच्या दिवसापुरते प्रेसचे गार्ड लावा," म्हणजे हात वाचवायची जाळी एका दिवसापुरती बसवा, असं जो म्हणेल त्याला चहासुद्धा पाजत नाही. तो कन्सल्टंटही तेच म्हणाला होता, हे नंतर आठवलं.

नंतर खरे तपासणारे आले. त्यांनी टाकी बंद करून रिकामी केली, खालचा कॉक उघडला तर गंजाचं लाल पाणी बराच वेळ वाहत राहिलं. तळाच्या पत्र्याची जाडी मशीननं मोजली, तो गंजानं खाल्लेला निघाला. जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह गंजून जागच्या जागी अडकलेला. त्यांनी टाकी तिथंच बाद केली.

दुपारच्या सुट्टीत आमची पोरं त्याच टाकीला पाठ टेकून डबा खायची. तिथं सावली असते.