जुनी आलिशान एसयूव्ही की नवी छोटी हायब्रिड? वऱ्हाडातल्या रस्त्यांवरची तुलना

संत्र्याच्या बागेचा सौदा चांगला झाला, महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला हाती आला किंवा जिनिंगच्या धंद्याने दोन-तीन हंगाम बरे दिवस दाखवले, की वरूड-मोर्शीपासून पुसद-वणीपर्यंतच्या घरांत गाडीचा विषय निघतोच. पूर्वी हा विषय बोलेरो आणि स्कॉर्पिओ यांच्यातच मिटत असे. आता पंचवीस-तीस लाखांपर्यंतच्या बजेटमध्ये दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या गाड्या समोर येतात: पुण्या-मुंबईच्या मालकाने पाच-सात वर्षे वापरलेली जर्मन आलिशान एसयूव्ही आणि शोरूममधून निघालेली नवीकोरी छोटी हायब्रिड एसयूव्ही. पहिल्या प्रकारासाठी मी मर्सिडीझ-बेंझ जीएलसी २२०डी आणि दुसऱ्यासाठी मारुती सुझुकी ग्रँड व्हिटाराची स्ट्राँग हायब्रिड (काही वेळ केवळ विजेवरही चालणारी) आवृत्ती विचारात घेतली आहे. टोयोटाच्या अर्बन क्रूझर हायरायडरमध्ये हीच यंत्रणा असल्याने ग्रँड व्हिटाराविषयीचे बहुतेक सारे तिलाही लागू पडते. जीएलसी आमच्या साडूंकडे आहे आणि हायब्रिड आमच्या घरी आहे, त्यामुळे दोन्ही गाड्या त्याच रस्त्यांवर, त्याच उन्हात आणि त्याच चिखलात चालवण्याची संधी मला मिळाली. माझा कल हायब्रिडकडे आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना वाचकाला त्याची वजावट करता येईल.

हायब्रिडच्या बॉनेटखाली दीड लिटरचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडी आहे आणि दोन्हींची मिळून ताकद सुमारे ११६ पीएस (अश्वशक्ती) भरते. तिला चार्जिंगची गरज नाही, कारण बॅटरी अगदी लहान, एक किलोवॉट-तासाहूनही कमी क्षमतेची आहे आणि ती इंजिनातून व ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेतून भरत राहते. कंपनीचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटरचा आहे. तो प्रत्यक्षात कोणी अपेक्षू नये, पण तालुक्याच्या रस्त्यांवर ताशी चाळीस ते साठच्या वेगाने चालवल्यास २२-२३ चा आकडा सहज मिळतो. आमच्या भागातली बहुतेक धाव अशीच असते: गावातून शेतात, शेतातून बाजार समितीत, तिथून बँकेत आणि परत. मध्ये गतिरोधक, बैलगाड्या, शाळेची मुले आणि रस्त्यावर वाळत घातलेले सोयाबीन. अशा थांबत-थांबत होणाऱ्या प्रवासात डिझेल गाडीची सरासरी खाली येते, पण या गाडीचे इंजिन बराच वेळ बंदच राहते. शहरी वाहतुकीसाठी आखलेले हे तंत्र खेड्यातल्या रस्त्यांनाही इतके मानवेल, असे मला गाडी घेण्यापूर्वी वाटले नव्हते.

जीएलसीत बसल्यावर मात्र हे सारे आकडे काही काळ विसरायला होतात. दार बंद होतानाच बाहेरचा आवाज तुटतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मर्यादा पाळून नागपूरहून शिर्डीकडे निघालो, की वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाणा हे जिल्हे कधी मागे पडले ते मागे बसलेल्या वृद्धांना कळतही नाही. हायब्रिड त्याच वेगात सतत इंजिनावर चालते, तिची सरासरी खाली येते आणि कोणाला ओलांडण्यासाठी ॲक्सिलरेटर खोल दाबला की तीन सिलिंडरांचा एकसुरी घरघराट आत ऐकू येतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून मुंबईच्या बाजूने इगतपुरीपुढेही पूर्ण खुला झाला आहे, आणि ज्यांची मुले मुंबई-ठाण्यात नोकरीला आहेत अशा घरांसाठी हा मुद्दा लहान नाही. गाडीचा अर्ध्याहून अधिक वापर समृद्धीवर होणार असेल, तर माझ्या मताला फारशी किंमत देऊ नये.

आता हिशोब. बहुतेक लोक आधी इंधनाचा हिशोब मांडतात, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करतो. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धाव, पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरले, तर लिटरला २२ देणाऱ्या हायब्रिडला सुमारे ७२ हजार रुपये लागतात आणि लिटरला १२ देणाऱ्या आलिशान डिझेलला सुमारे एक लाख पंधरा हजार. फरक ४३ हजारांचा आहे. तीस लाखांची गाडी घेऊ शकणाऱ्या माणसाने एवढ्या फरकासाठी मन मोडावे असे यात काही नाही. खरा फरक इंधनाच्या पलीकडे, दुरुस्तीच्या अंतरात आहे, आणि विक्रेत्याच्या बोलण्यात तो कधी येत नाही.

मर्सिडीझ, बीएमडब्ल्यू, ऑडी यांच्यापैकी कोणतीही गाडी घेतली तरी तिच्या अधिकृत वर्कशॉपसाठी आमच्याकडून नागपूरच गाठावे लागते. वरूडहून ते साधारण शंभर किलोमीटर आहे, पुसदहून सव्वादोनशेच्या आसपास. ठरलेल्या सर्व्हिसिंगसाठी जाण्याचे काही वाटत नाही, कारण नागपूरला काहीतरी काम निघतेच. पण डॅशबोर्डवर अचानक पिवळा दिवा लागला, सेन्सर बिघडला किंवा खड्ड्यात टायरची बाजू फाटली, तर तालुक्याच्या ठिकाणी कोणाच्याही हाताला ती गाडी येत नाही. अठरा-एकोणीस इंची टायर तालुक्याच्या दुकानात शिल्लक नसतो, तो मागवावा लागतो, आणि तोवर गाडी अंगणात उभी राहते. मारुतीची वर्कशॉप जिल्ह्याच्या ठिकाणी आणि पुष्कळदा तालुक्यातही आहेत. तरीही एक सावधगिरी हवी: हायब्रिडमधील उच्च दाबाच्या विजेचे काम प्रत्येक वर्कशॉपमध्ये होते असे गृहीत धरू नये आणि गाडी नोंदवण्यापूर्वीच त्याची चौकशी करावी. त्या उच्च दाबाच्या केबल नारंगी रंगाच्या असतात. संत्र्याच्या मुलखात हा रंग जिव्हाळ्याचा असला, तरी बॉनेटखाली तो दिसला की गावातल्या वायरमनने हात लावायचा नाही, एवढे घरातल्या सर्वांना बजावून ठेवावे. हायब्रिड बॅटरीवर कंपनीची आठ वर्षे किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत हमी आहे. वापरलेल्या आलिशान गाडीच्या मूळ हमीचा काळ बहुधा संपलेला असतो, आणि वाढीव हमी मिळाली तरी तिच्यातील अपवादांची यादी नीट वाचावी लागते.

डिझेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी आमच्याकडे फारसे कोणी बोलत नाही. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकांच्या) डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी सुमारे सहाशे अंश तापमानाला जाळून ती स्वतःला साफ करते, पण त्यासाठी इंजिन बराच वेळ सलग आणि बऱ्यापैकी वेगात चालावे लागते. गावातून शेतात तीन-चार किलोमीटर जाऊन गाडी बंद केली, पुन्हा तेवढीच चालवून परत आणली, असे महिनोन्महिने चालले तर ती संधी गाळणीला मिळतच नाही आणि काजळी साठत जाते. आमच्या परिचयातील एका बागायतदारांच्या आलिशान डिझेल गाडीला हाच त्रास झाला आणि गाळणीच्या कामासाठी गाडी ट्रकवर चढवून नागपूरला न्यावी लागली. गाडी सदोष नव्हती, ती ज्या कामासाठी घडवली गेली ते काम तिला मिळत नव्हते. धूर स्वच्छ करण्यासाठी बीएस-६ डिझेलला लागणारे डीईएफ हे द्रव मात्र आता ट्रकवाल्यांमुळे महामार्गावरच्या पंपांवर सहज मिळते, त्याची चिंता नको. मग पेट्रोलची आलिशान गाडी घ्यावी, असे कोणी म्हणेल. तिथे इथेनॉलचा प्रश्न उभा राहतो. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोलच मिळते आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक गाड्यांचे रबरी व इतर भाग त्यासाठी आखलेले नाहीत. नव्या हायब्रिडला ही अडचण नाही, सरासरी थोडी घटते एवढेच.

रस्त्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत. ‘फोर बाय फोर’ म्हणून जीएलसी घेणाऱ्याला वाटते की पावसाळ्यात पांदण रस्त्याने ती थेट विहिरीपर्यंत जाईल. आपली काळी माती एकदा टायरच्या खाचांत भरली की चारही चाके जागच्या जागी फिरतात, कारण गाडीवरचे टायर डांबरी रस्त्याचे असतात. हायब्रिडची परिस्थिती याहून बरी नाही, कारण तिची फक्त पुढची चाके ओढतात. ग्रँड व्हिटारात चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती आहे, पण ती स्ट्राँग हायब्रिडमध्ये मिळत नाही. जमिनीपासूनची उंची सुमारे २१० मिलिमीटर असल्याने कोरड्या दिवसांत बैलगाडीच्या चाकोऱ्यांवरून हायब्रिड खाली न घासता जाते, आणि टायरची बाजू जाड असल्याने धारदार दगडाची भीती कमी वाटते. आषाढ-श्रावणात मात्र दोन्ही गाड्या डांबरीवर उभ्या करून पुढे ट्रॅक्टरनेच जावे. साडूंच्या वडिलांनी जीएलसी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्याभोवती एक चक्कर मारून ते एवढेच म्हणाले होते, “इतक्या पैशात तं दोन टॅक्टर आले असते नं, बाप्पा!”

रात्रीच्या प्रवासात जीएलसीची बाजू वरचढ आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट असो की काटोलकडचा रस्ता, रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर कोणत्या क्षणी समोर येईल याचा नेम नसतो. तिथे जीएलसीचे दिवे, ब्रेक आणि सुमारे पाचशे किलोंचे जास्तीचे वजन या तिन्हींचा आधार वाटतो. हायब्रिडलाही सहा एअरबॅग आहेत, पण रोह्यासारखे जनावर अंगावर आले तर तेराशे किलोंच्या गाडीत बसलेल्याला जी धास्ती वाटते ती खोटी म्हणता येणार नाही. घरातील कोणाला नेहमी रात्री-अपरात्री प्रवास करावा लागत असेल, उदाहरणार्थ डॉक्टर असेल, तर या मुद्द्याचे वजन वाढते.

उन्हाळ्याचे सांगायचे तर ४५ अंशांच्या दुपारी दोन्ही गाड्यांचे एसी पुरे पडतात. हायब्रिडचा एसी विजेवर चालतो, त्यामुळे बाजार समितीबाहेर थांबलेल्या गाडीत इंजिन बंद असतानाही गारवा राहतो. अर्थात मे महिन्यात बॅटरी लवकर उतरते आणि इंजिन वरचेवर सुरू होते. बॅटरीला थंड ठेवणारी हवा गाडीच्या आतूनच घेतली जाते, म्हणून त्या जाळीसमोर पोती-पिशव्या कोंबू नयेत आणि सर्व्हिसिंगच्या वेळी तिथली धूळ आठवणीने काढून घ्यावी. सोयाबीन किंवा कापूस साठवलेल्या गोदामाजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांचाही बंदोबस्त हवा. वायरिंग कुरतडताना ते जर्मन आणि जपानी असा भेद करत नाहीत, बिलात मात्र तो भेद दिसतो.

हायब्रिडची सर्वांत मोठी उणीव डिकी ही आहे. बॅटरी तिथेच बसवल्याने जागा २६५ लिटरच उरते. संत्र्याचे दोन क्रेट ठेवले की बॅगेला जागा राहत नाही, आणि लग्नाला निघालेल्या पाच माणसांचे सामान तर मुळीच मावत नाही. जीएलसीची डिकी याच्या दुप्पट आहे. मागच्या सीटवर मधला माणूस दोन्हीकडे अवघडतो. जीएलसीत मधोमध उंच बोगदा आहे, हायब्रिडमध्ये रुंदी कमी आहे.

करामुळे हायब्रिड स्वस्त पडते, हा समज आता जुना झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी चार मीटरहून लांब हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के आणि मोठ्या आलिशान एसयूव्हीवर ५० टक्के कर होता, त्या दिवसापासून दोन्हींवर सरसकट ४० टक्के जीएसटी झाला. म्हणजे नव्या आलिशान गाड्यांच्या किमती जास्त उतरल्या आणि त्यांच्यामागे जुन्यांच्या किमतीही खाली आल्या. तेव्हा जुनी आलिशान गाडी घेणाऱ्याने सप्टेंबर २०२५ पूर्वीचे भाव डोक्यात ठेवून सौदा करू नये. दिल्लीकडची स्वस्त डिझेल गाडी दाखवली गेली तर तिच्या स्वस्ताईचे कारण तिथले जुन्या डिझेल गाड्यांवरचे निर्बंध हे असू शकते, आणि महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करताना कर वेगळा भरावा लागतो. गाडी राज्यातलीच असली तरी सर्व्हिसिंगची पूर्ण नोंद, विम्याच्या दाव्यांचा इतिहास, टायरवर छापलेला निर्मितीचा आठवडा आणि कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद या चार गोष्टी पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. नागपूरच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये पैसे भरून तपासणी करून घ्यावी. विक्रेता त्याला नको म्हणत असेल तर तो सौदा तिथेच सोडावा.

जुनी जीएलसी कोणी घ्यावी? ज्यांचे घर नागपूर किंवा अमरावतीपासून जवळ आहे, ज्यांच्या गाडीला आठवड्यातून एकदा तरी मोठा रस्ता मिळतो आणि ज्यांच्या दारात शेताच्या कामासाठी दुसरी गाडी उभी आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी. साडूंच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी जुळतात आणि ते समाधानी आहेत. लग्नसराईत त्या तीन टोकांच्या चांदणीकडे वळणाऱ्या नजरांचाही त्या समाधानात वाटा आहे, हे ते स्वतः हसत कबूल करतात. मात्र घरात एकच गाडी असेल आणि तिलाच शेत, दवाखाना, बाजार, शाळा व नातेवाईक हे सारे निभावायचे असेल, तर हायब्रिडच घ्यावी.

हायब्रिड घेताना सर्वांत महाग आवृत्तीचा मोह टाळावा, असे मी सुचवेन. वरच्या आवृत्त्यांमध्ये येणारे काचेचे मोठे छत मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरची उंची कमी करते, आणि विदर्भातल्या उन्हात वर्षातले चार-पाच महिने त्याचा पडदा बंदच ठेवावा लागतो. एप्रिल २०२५ पासून डेल्टा प्लस या खालच्या आवृत्तीतही स्ट्राँग हायब्रिड मिळू लागली. तेव्हा तिची शोरूम किंमत सतरा लाखांच्या आत-बाहेर होती. इंजिन, मोटर आणि बॅटरी तीच आहे आणि सहा एअरबॅगही आहेत. वाचलेल्या दोन-अडीच लाखांत पूर्ण घसाराविरहित (दाव्यात भागांची झीज न कापणारा) विमा, वाढीव हमी आणि गाडीसाठी पत्र्याची सावली एवढे बसते. चाचणीसाठी गाडी शोरूमच्या चौकातून फिरवून आणण्यात अर्थ नाही. घरातली पाचही माणसे बसवून, दुपारी, आपल्या गावाच्या रस्त्यावर ती चालवून पाहावी, आणि डिकीत क्रेट ठेवून पाहायला विसरू नये.