अनुपालन-सेवेची तीन वर्षे : एका नागरी सहकारी बँकेचा अनुभव

आमच्या नागरी सहकारी बँकेने २०२२च्या मध्यात संगणक प्रणालींचे लेखापरीक्षण आणि वर्षभराचे अनुपालन, म्हणजे सरकारी व रिझर्व्ह बँकेचे नियम पाळले जाण्याची बाजू, सांभाळण्याचे काम एका लहान सल्लागार संस्थेकडे सोपवले. करार आता नूतनीकरणाला आला असल्याने, संगणक विभागात रोज त्यांच्याबरोबर काम करणारा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने आमच्यासारख्या बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली आणि ३१ डिसेंबर २०१९च्या परिपत्रकाने बँकांचे चार स्तर ठरवले. त्या चौकटीतले कागद पूर्ण करून देणारे पुष्कळ भेटतात. ही संस्था मात्र कागदावर लिहिलेले प्रत्यक्षात घडते का, हे पाहते.

पहिल्याच तिमाहीत त्यांनी बॅकअपमधून सगळी माहिती एका रिकाम्या सर्व्हरवर परत उभी करून दाखवायला सांगितले. रोज सकाळी 'बॅकअप यशस्वी' असा संदेश येत होता आणि आम्ही निश्चिंत होतो. प्रत्यक्षात खाती उघडली, पण खातेदारांच्या सह्यांचे नमुने कुठेच नव्हते, कारण मागे सर्व्हर बदलताना त्या फोल्डरचा मार्ग बदलला होता आणि बॅकअपच्या यादीत जुनाच राहिला होता. त्या दिवशी पोटात गोळा आला. तेव्हापासून दर तिमाहीला ही चाचणी होते, आणि एवढ्या एका कामासाठीही त्यांचे शुल्क मला रास्त वाटते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे प्रणालीत काय घडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. बाहेरून येणारी घुसखोरी अडवणाऱ्या आमच्या फायरवॉलवरचे लॉग जेमतेम चाळीस दिवस टिकत होते आणि शाखांमधल्या संगणकांची घड्याळेही जुळत नव्हती. दोन्ही गोष्टी त्यांनीच दाखवून दिल्या. आमच्या सर्व्हरवरच्या विंडोज सर्व्हर २०१२ आर२ या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सुरक्षेच्या सुधारणा) १० ऑक्टोबर २०२३ला संपणार, हेही त्यांनी वर्षभर आधी लेखी कळवल्यामुळे अंदाजपत्रकात तरतूद करता आली.

उणिवाही आहेत. अहवाल केवळ इंग्रजीत येतो, त्यामुळे शाखाधिकारी दोषदुरुस्ती अहवालात आम्ही सांगू ते लिहून मोकळे होतात. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे : संस्थेकडून येणारा लेखापरीक्षक दरवर्षी बदलतो, आणि आदल्या वर्षी अमुक शेरा (अहवालात नोंदवलेली त्रुटी) कशाच्या आधारे बंद केला हे नव्या माणसाला ठाऊक नसल्याने तेच प्रश्न पहिल्यापासून सुरू होतात.

नूतनीकरण करावे, असेच माझे मत आहे. मात्र शेऱ्यांचा मराठी गोषवारा मिळावा आणि किमान एक लेखापरीक्षक सलग तीन वर्षे तोच राहावा, या दोन अटी करारात घालाव्यात, असे मी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना लेखी कळवले आहे.