नळी की पेटी? सांगलीहून परदेशी कलामेळ्यात कॅनव्हास पाठवताना

९०×१२० सेंमीचं एक चित्र धरा. गुंडाळलं तर २० सेंमी व्यासाची, ११० सेंमी लांब नळी पुरते. हवाई मालवाहतुकीत लांबी×रुंदी×उंची (सेंमीत) भागिले ६००० असं आकारमानी वजन, म्हणजे जागेच्या हिशोबाने धरलेलं वजन, किलोत काढतात. ते येतं सुमारे ७ किलो. चौकटीवर ताणलेल्या चित्राची १४०×११०×२० सेंमीची पेटी याच हिशोबाने ५१ किलो भरते. अर्थात तिच्यात तीन चित्रं बसतात.

गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत गेली तर थर दाबला जाऊन सुरकुततो. रंगावर ग्लासीन, म्हणजे गुळगुळीत पातळ कागद ठेवा. बबल रॅप थेट लावला तर ॲक्रिलिकवर फुग्यांचे ठसे उमटतात. सुरीने लावलेला जाड तैलरंग असेल तर नळीचा विचारच सोडा. वरून कोरडा लागला तरी तो आतून महिनोन्‌महिने ओला राहतो. पातळ ॲक्रिलिकला मात्र आम्ही नळीच सुचवू. चारही बाजूंनी ५ सेंमी कोरा कॅनव्हास सोडा, नाहीतर तिकडे पुन्हा ताणताना पकड धरायला जागाच उरत नाही.

पेटीचं घोडं लाकडावर अडतं. गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवल्याचा ‘आयएसपीएम १५’ (लाकडातून कीड पसरू नये म्हणून ठरवलेला आंतरराष्ट्रीय नियम) शिक्का हवा. गावचा सुतार पेटी भक्कम करील, शिक्का परवानाधारक केंद्राचाच चालतो. प्लायवूडला ही अट नाही, पण त्याला आतून ठोकलेल्या साध्या लाकडी पट्ट्यांना आहे. माल नेमका तिथेच अडकतो. पावसाळी दमट दिवशी पेटी बंद करू नका.