रेआल अकादेमियाचा ऑनलाइन स्पॅनिश कोश: व्युत्पत्तीसाठी कितपत उपयोगी?

रेआल अकादेमिया एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा कोश व्युत्पत्तीसाठी कितपत कामाचा, हे तपासायला ‘आसूकार’ म्हणजे साखर हा रोजचा शब्द उत्तम. नोंद उघडली की अर्थाच्याही आधी शब्दाचा प्रवास मिळतो: हिस्पॅनिक अरबी (मध्ययुगीन स्पेनमधली अरबी) ‘अस्सुक्कर’, त्यामागे अरबी ‘सुक्कर’, मग ग्रीक ‘साखारी’ आणि शेवटी पहलवी (इस्लामपूर्व काळातली फारसी) ‘शकर’. हे सगळं एका ओळीत, आणि मोफत. संक्षेप भरपूर आहेत, पण कर्सर नेला की पूर्ण रूप दिसतं.

त्या ओळीतली एक गोष्ट मात्र आपणच ओळखायची. सुरुवातीचा ‘आ’ मूळ शब्दातला नाही. ते अरबी उपपद ‘अल्’, इंग्रजी ‘द’सारखं. पुढे ‘स’ आला की ‘ल’ त्यात मिसळून जातो, म्हणून ‘अस्सुक्कर’. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये हे उपपद शब्दाला चिकटून राहिलं. इटालियन ‘त्सुक्केरो’ आणि फ्रेंच ‘स्यूक्र’ यांत ते नाही. ही भावंडं शेजारी ठेवली की फरक लगेच डोळ्यात भरतो, आणि नेमकी तीच या नोंदीत नाहीत.

खरी खटकणारी बाब म्हणजे साखळी पहलवीपाशीच थांबते. संस्कृत ‘शर्करा’ (मूळ अर्थ खडी, वाळूचे कण) इथे नाही. ‘नारांखा’, म्हणजे संत्रं, या नोंदीत मात्र हाच कोश संस्कृत ‘नारङ्ग’पर्यंत पोहोचतो!

शोधताना जपून. ‘आसूकार’ची पहिली चार रोमन अक्षरं (azuc) टाकून त्यांनी सुरू होणारे शब्द मागवले, तर ‘आसुकारेरो’ (साखरेचं भांडं) येतो, तसाच ‘आसुसेना’ही. हा लिलीच्या फुलाचा शब्द वेगळ्या अरबी मुळातला. साखरेशी त्याचं नातं नाही. उलट ‘साकारिना’ (सॅकरिन) आणि ‘साकारोसा’ (सुक्रोज) हे लॅटिन वाटेने आलेले खरे नातेवाईक या शोधात सापडतच नाहीत. म्हणून प्रत्येक नोंदीची व्युत्पत्तीची ओळ वाचल्याशिवाय नातं जोडू नये.

शब्द लेखनात केव्हा आला, हे कोश सांगत नाही. त्यासाठी अकादमीचाच ‘कोर्दे’ हा ग्रंथसंग्रह उघडावा. १९७४ पर्यंतचे उतारे सालासकट मिळतात. तिथे आजच्या स्पेलिंगवर थांबू नका. जुन्या लेखनात ‘झेड’च्या जागी शेपटीचा ‘सी’ (ç) असतो आणि आघातचिन्ह बहुधा नसतं. ते रूप वेगळं टाकलं नाही तर सर्वांत जुने उतारेच निसटतात.