पडद्यावरची दोन वर्षे : ठाण्यातील एका शाळेच्या ऑनलाइन सेवेचे परीक्षण

शाळेविषयी लिहिताना पालक सहसा इमारत, निकाल, बसची सोय आणि शुल्क यांबद्दल लिहितात. जून २०२० ते जानेवारी २०२२ या काळात इमारत आणि बस यांचा प्रश्नच उरला नव्हता, निकालाचे स्वरूप पार बदलले होते आणि जसेच्या तसे शिल्लक राहिले होते ते शुल्क. म्हणूनच ठाण्यातील आमच्या शाळेने (राज्य मंडळ, सेमी-इंग्रजी, नाव मुद्दाम देत नाही) या काळात दिलेल्या ऑनलाइन सेवेविषयी स्वतंत्रपणे लिहावेसे वाटते. टाळेबंदी लागली तेव्हा माझी मोठी मुलगी या शाळेत नववीत होती आणि धाकटा मुलगा मोठ्या शिशुवर्गात. शाळा एक, शिक्षकवर्ग एक, तरी ही सेवा दोघांच्या वाट्याला इतकी वेगळी आली की दोघांसाठी मिळून एक मत देणे शक्य नाही.

धाकट्याची पहिली संपूर्णपणे पडद्यावर झाली. शासनाच्या जून २०२०च्या आदेशात पहिली-दुसरीसाठी ऑनलाइन वर्ग नव्हतेच. जुलैमध्ये तो बदलून तीस-तीस मिनिटांची दोन सत्रे ठरवण्यात आली. आमच्या शाळेने ही मर्यादा काटेकोरपणे पाळली, आणि ज्या पालकांना ‘एवढ्या शुल्कात फक्त तासभर?’ असे वाटत होते त्यांच्या दबावाला ती बळी पडली नाही, हे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. वर्गशिक्षिकांनी संपूर्ण तुकडीला एकदम बसवण्याऐवजी मुलांचे लहान गट पाडले, त्यामुळे प्रत्येक मुलाला रोज किमान एकदा तरी बोलता येई. बाईंच्या चिकाटीविषयी माझी काहीही तक्रार नाही. एका मुलाच्या घरात कुकरची शिट्टी, दुसऱ्याच्या घरात आजोबांच्या बातम्या आणि तिसऱ्याचा कॅमेरा छताकडे, अशा स्थितीत त्या काना आणि वेलांटी शिकवत असत.

तरीही काही गोष्टी पडद्यावरून पोहोचल्या नाहीत, आणि त्यांतली सर्वांत ठळक म्हणजे अक्षराचे वळण. बाई फळ्यावर ‘क’ काढून दाखवत, मुलगा वहीत ‘क’ काढी, आम्ही वहीचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवर पाठवत असू आणि त्यावर बाईंची बरोबरची खूण परत येई. मात्र कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावर असे, वहीवर नसे. त्याने अक्षर कोठून सुरू केले, पेन्सिल कोणत्या दिशेने नेली आणि मुठीत कशी धरली हे बाईंना कधीच दिसले नाही. दुसरीत प्रत्यक्ष वर्ग भरल्यावर तो कितीतरी अक्षरे खालून वर काढतो हे त्यांच्या लगेच लक्षात आले. छायाचित्रात ती सगळी अक्षरे सुबक दिसत होती. याचा दोष मी बाईंना देत नाही. पण आठवड्यातून एकदा फोन वहीवर रोखून पाच मिनिटे लिहून घेण्याची पद्धत शाळेला सहज ठरवता आली असती.

पालकांच्या त्या काळातील चिंतांची यादी केली, तर अक्षर आणि अभ्यासक्रम दोन्ही त्यात बरेच खाली येतील. आजाराची भीती तर सर्वांनाच होती. त्याखालोखाल आम्हाला छळणारा प्रश्न असा होता की सहा वर्षांचे मूल दिवसभर कोणाशी बोलणार आणि कोठे धावणार. केंद्राच्या सूचनांनुसार दहा वर्षांखालील मुलांनी अत्यावश्यक कारणाखेरीज घरीच राहणे अपेक्षित होते. राज्याच्या ‘मिशन बिगिन अगेन’मध्ये ३ जून २०२० पासून पहाटे पाच ते सायंकाळी सात या वेळेत मोकळ्या जागी फिरण्यास मुभा मिळाली आणि मुलांबरोबर मोठे माणूस असावे अशी अट घालण्यात आली. पाठोपाठ २ जुलैला ठाण्यात पुन्हा कडक टाळेबंदी लागली आणि ती वाढत वाढत १९ जुलैपर्यंत गेली. त्यामुळे तलावपाळीवर मुलाला नेणे एका कागदानुसार चालत होते, दुसऱ्यानुसार चालत नव्हते आणि तिसरा कागद आल्यावर घराबाहेर पडण्याचाच प्रश्न मिटत होता. सोसायटीतील घसरगुंडीला तर कोणताही आदेश वाचण्याआधीच दोरी बांधली गेली होती.

ठाणे हे तलावांचे शहर असल्याचा अभिमान आम्ही एरवी मिरवतो, पण कोणता तलाव लहान मुलासाठी कितपत सोयीचा आहे याचा विचार या काळातच करावा लागला. मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी, स्थानकाजवळ असल्यामुळे निर्बंध जरा सैल झाले की लगेच गजबजे. अंतर राखून चालणे तेथे अवघडच. महापालिका मुख्यालयाजवळच्या कचराळी तलावाभोवतीची चालण्याची वाट चांगली असली तरी सकाळी तेथे ज्येष्ठांची वर्दळ असते, आणि त्यांच्यामध्ये धावणारे मूल त्या दिवसांत कोणालाच नको होते. आम्हाला मानवले ते येऊरच्या पायथ्याचे उपवन. काठ ऐसपैस, समोर डोंगर आणि पहाटे लवकर गेल्यास माणसे तुरळक. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्यामुळे तेथे वन विभागाचे नियम लागू होतात. त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

या बाबतीत शाळेची कामगिरी मला सर्वांत निराशाजनक वाटली. सहलीऐवजी ‘आभासी सहल’ हा उपक्रम व्यवस्थापनाने मोठ्या उत्साहाने जाहीर केला आणि मुलांना परदेशातील एका भव्य मत्स्यालयाची चित्रफीत दाखवली. टाळेबंदीच्या पहिल्याच एप्रिल-मेमध्ये नवी मुंबईच्या पाणथळींवर उतरलेल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या गुलाबी थव्यांची छायाचित्रे सगळीकडे फिरत होती. २०१५मध्ये घोषित झालेले ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आमच्या इतक्या जवळ असूनही शाळेच्या कार्यक्रमात त्याचा उल्लेखही आला नाही. शारीरिक शिक्षणाचा तास म्हणजे दिवाणखान्यातील सूर्यनमस्कार. त्याविषयी खालच्या मजल्यावरील काकूंचे मत माझ्यापेक्षा अधिक तपशीलवार आहे.

याउलट वर्गशिक्षिकांनी जानेवारी २०२१मध्ये स्वतःहून दिलेला एक गृहपाठ मला या संपूर्ण सेवेतील सर्वोत्तम भाग वाटतो. घराजवळच्या कोणत्याही एका तलावावर आईबाबांबरोबर जावे, काठावर काय काय दिसते ते पाहावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे, एवढाच तो गृहपाठ होता. त्या दिवशी प्रथमच मुले बाईंना उत्तर देण्याऐवजी एकमेकांना प्रश्न विचारू लागली. एकाच्या तलावात बदके होती, दुसरीच्या तलावात नव्हती. मग ती कोठे गेली, यावर पहिलीच्या वर्गाने वाद घातला. एरवी तीस मिनिटांच्या सत्रात मुले एकमेकांशी जवळजवळ बोलतच नसत, कारण सर्वांचे आवाज बंद ठेवणे हा पहिला नियम होता. बाईंचा हा उपक्रम इतर तुकड्यांपर्यंत पोहोचवणे व्यवस्थापनाला अवघड नव्हते, पण तसे झाले नाही, आणि एप्रिलमध्ये ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध लागल्यावर तो आमच्या तुकडीतही थांबला.

निर्बंध उठल्यावर आम्ही ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेलो. तेथून खाडीत रोहित पक्षी पाहण्यासाठी बोट सुटते. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरत असल्यामुळे ती रोज बदलते, तेव्हा आधी नोंदणी करून वेळ विचारूनच निघावे. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा चांगली आणि जवळची सहल मला तरी माहीत नाही. दुर्बीण जवळ असल्यास घेऊन जावी.

मोठ्या मुलीच्या बाबतीत चित्र बरेच वेगळे आहे. दहावीचे तास नोंदवून ठेवून ते मुलांना पुन्हा पाहता येतील अशी सोय शाळेने सुरुवातीपासून केली आणि गणिताच्या शंकांसाठी संध्याकाळी वेगळे सत्र ठेवले. भिंगाचे नाभीय अंतर काढण्याचा प्रयोग प्रयोगशाळेत होणार नव्हता, तेव्हा विज्ञानाच्या सरांनी घरातील साधे भिंग, खिडकी आणि समोरची भिंत यांवर तो करून घेतला. राज्याने पाठ्यक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी केल्यावर कोणते घटक वगळले याची यादी शाळेने तत्काळ पाठवली. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग भरवण्यास राज्याने परवानगी दिली, मात्र अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला आणि मुंबई-ठाण्यातील शाळा तेव्हा उघडल्या नाहीत. त्या गोंधळातही शाळेचे निरोप स्पष्ट होते.

खरी कसोटी लागली ती २०२१मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाल्यावर. ठरलेल्या सूत्रानुसार शंभरपैकी पन्नास गुण नववीच्या निकालावरून आणि उरलेले पन्नास दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनावरून द्यायचे होते. आमच्या मुलांची नववीची वार्षिक परीक्षा २०२०मध्ये आधीच रद्द झालेली. म्हणजे २०१९च्या पहिल्या सत्रात, दहावीला अजून वेळ आहे अशा समजुतीत मुलांनी जे काही लिहिले होते, तेच आता त्यांच्या दहावीचा अर्धा पाया ठरणार होते. शाळेने मंडळाकडे गुण पाठवण्यापूर्वी प्रत्येक पालकाला विषयवार तक्ता दाखवला आणि हरकती ऐकून घेतल्या, ही पारदर्शकता मला महत्त्वाची वाटते. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. अकरावी प्रवेशासाठी २१ ऑगस्टला सीईटी ठरली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली. शाळा सोडून गेलेल्या मुलांसाठी त्या दिवसांत तरी मार्गदर्शन मिळेल अशी अपेक्षा होती, पण ‘संकेतस्थळ पाहत राहावे’ एवढाच निरोप आला.

शुल्काविषयी थोडक्यात. शाळेने २०२०-२१मध्ये वाढ केली नाही आणि बसचे पैसे घेतले नाहीत. १५ टक्के शुल्ककपातीचा शासननिर्णय १२ ऑगस्ट २०२१ रोजी निघाल्यावर पुढील हप्त्यात ती रक्कम वळती करण्यात आली, तीही पालकांनी पाठपुरावा केल्यावर. मात्र कुलूपबंद वाचनालयाचे आणि संगणककक्षाचे शुल्क दोन्ही वर्षे आकारले गेले. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उपलब्ध होती, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही राज्याची अभ्यासमाला रोज फोनवर येत होती आणि जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर शैक्षणिक कार्यक्रम सुरू होते. यांतील बरेचसे साहित्य शाळेच्या बोधचिन्हाखाली आम्हाला पुन्हा मिळे. ते पाठवण्यास हरकत नाही, पण वार्षिक अहवालात ‘शाळेने विकसित केलेले डिजिटल साहित्य’ या शीर्षकाखाली ते मोजणे योग्य नव्हते.

धाकट्याचा वर्ग डिसेंबर २०२१मध्ये भरू लागला, ओमायक्रॉनमुळे जानेवारीत पुन्हा बंद झाला आणि महिनाअखेरीस परत सुरू झाला. दोन्ही वेळा संमतीपत्र द्यावे लागले. त्यात मुलाच्या आरोग्याची जबाबदारी पालकांची असल्याचे लिहिले होते. वर्गात किती मुले बसतील, डबा कोठे खातील आणि खिडक्या उघड्या राहतील का, याबाबत मात्र शाळेने आपल्याकडून काहीही लिहून दिले नाही. तोंडी विचारल्यावर उत्तरे मिळाली आणि ती समाधानकारक होती.

आठवीच्या पुढच्या मुलासाठी या शाळेची ऑनलाइन सेवा मी निःसंकोचपणे चांगली म्हणेन. पहिली-दुसरीसाठी मी ती घेण्याचा सल्ला देणार नाही. पुन्हा तशी वेळ आलीच, तर पालकांनी प्रवेशाच्या वेळीच लहान गटांची हमी, वहीवर कॅमेरा ठेवून लेखनाचा सराव आणि मुलांनी आपापसात बोलण्याचे किमान एक सत्र, एवढे लेखी मागून घ्यावे. वाचनालयाच्या शुल्काबाबत मी शाळेला लेखी विचारणा केली आहे. उत्तर आल्यास या परीक्षणात त्याची भर घालीन.